पंधरा-वीस कॉम्प्युटरच्या ऑफिसने सायबर हल्ल्यापासून स्वतःला कसं वाचवायचं

मी पुण्यातल्या लहान-मध्यम संस्थांचे कॉम्प्युटर, सर्व्हर आणि ईमेल सांभाळते. भोसरी-चाकणचे जॉबवर्क करणारे कारखाने, सदाशिव पेठेतली सीएंची ऑफिसं, कर्वे रोडवरचा एक दवाखाना, एक पतसंस्था अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. नवीन ठिकाणी गेले की पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो : "मॅडम, अँटिव्हायरस कुठला घालू?" अँटिव्हायरस हवाच. पण पैसे गेल्यावर ज्या ज्या ठिकाणी मला बोलावलं गेलं, तिथे तो चालूच होता. पैसे गेले होते अकाउंट्सच्या टेबलावरून, नेहमीच्या कामाच्या ओघात, एखाद्या प्रामाणिक माणसाच्या हातून. म्हणून मी कामाला सुरुवात अकाउंट्सपासून करते, सर्व्हरकडे नंतर वळते. हा लेखही त्याच क्रमाने लिहिते आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. मालकाने ठरवावं लागतं आणि स्वतः पाळावं लागतं.

दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे, "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" बहुतेक हल्लेखोर कुणाला निवडून येत नाहीत. त्यांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपत असतात. जुनं सॉफ्टवेअर किंवा सोपा पासवर्ड सापडला की आत शिरतात आणि आत काय आहे ते मग बघतात. तुमची जीएसटीची कागदपत्रं, पगारपत्रक, कंपनीकडून आलेली ड्रॉइंग्ज एका सकाळी उघडलीच नाहीत तर काम किती दिवस चालेल, याचा एकदा हिशेब करून बघा. त्यांना खंडणी मागायला तेवढं पुरतं.

अकाउंट्सचं टेबल

आज लहान कंपनीचे पैसे सगळ्यात सहज जातात ते खोट्या बँक खात्यात स्वतःहून भरून. हे कसं घडतं ते नीट बघा, कारण एकदा बघितलं की विसरत नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा परदेशी सप्लायर होता, बरीच वर्षं व्यवहार. पेमेंटची तारीख जवळ आली आणि त्याचा मेल आला. विषय तोच, जुनी सगळी पत्रं खाली तशीच जोडलेली, इनव्हॉइस नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. मजकुरात फक्त एक ओळ नवी : ऑडिट चालू असल्याने आमचं नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे, हे पेमेंट सोबतच्या खात्यात करावं. जोडलेल्या पीडीएफवर लेटरहेड तेच, सही तीच. अकाउंट्सच्या ताईंच्या नजरेत एकच गोष्ट आली. बँकेच्या तपशिलाच्या दोन ओळींचं अक्षर बाकीच्या पानापेक्षा किंचित बारीक होतं. मग आम्ही पाठवणाऱ्याचा पत्ता मोठा करून वाचला. कंपनीच्या नावात इंग्रजी 'एम' असायला हवा तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. साध्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.

इतका तपशील चोराला कुठून मिळाला? दोघांपैकी कुणाच्या तरी मेलबॉक्सचा पासवर्ड आधीच गेलेला असतो. चोर आत शिरून गप्प बसतो, पत्रव्यवहार वाचतो, आणि पेमेंटची वेळ आली की मध्येच बोलायला लागतो. बरेचदा तो मेलबॉक्समध्ये एक नियम लावून ठेवतो : 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून हलव. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. त्यामुळे पहिलं काम आजच करा. कंपनीतल्या प्रत्येक मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर किंवा रूल्स ही पानं उघडून बघा. तुम्ही न लावलेला एकही नियम दिसला तर त्याचा फोटो काढा, नियम काढून टाका, पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा.

आता नियम. सप्लायरचं, कामगाराचं, कुणाचंही बँक खातं बदलल्याची सूचना आली, मग ती मेलवर येवो, व्हॉट्सअॅपवर की लेटरहेडवर, आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून त्या माणसाशी बोलल्याशिवाय ते खातं बदलायचं नाही. सूचनेत दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो चोराचाच असतो. कुणाशी, कधी बोललो ते व्हाउचरवर लिहायचं. पेमेंट एकाने तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. बँका कंपन्यांना नेटबँकिंगमध्ये ही सोय देतात. पण अनेक ठिकाणी दोन्ही लॉगिन आणि दोन्ही ओटीपीचे मोबाइल एकाच ड्रॉवरमध्ये ठेवलेले असतात. मालक साइटवर असतात, ओटीपीसाठी त्यांना सारखा फोन कोण करणार, म्हणून. ही अडचण खरी आहे, पण त्यावरचा उपाय वेगळा आहे. रोजच्या लहान रकमांची मर्यादा एकाच्या अधिकारात ठेवा आणि त्यावरची प्रत्येक रक्कम दोघांकडून जाऊ द्या.

साहेबांच्या नावाने येणारा मेसेज हा याचाच दुसरा प्रकार. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेला यातून सुमारे १ कोटी १ लाख रुपयांचा फटका बसला. संस्थेचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर मेसेज आले, काही खात्यांवर तातडीने पैसे पाठवायला सांगितलं गेलं, आणि ते पाठवले गेले. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत हे होऊ शकतं, तर तुमच्या ऑफिसातली बावीस वर्षांची मुलगी साहेबांचा डीपी बघून घाबरली तर तिला काय बोल लावणार? आता तर थोडासा ध्वनिमुद्रित आवाज मिळाला तरी हुबेहूब तसा आवाज काढून देणारी एआयची साधनं सहज मिळतात. त्यामुळे ओळखीचा आवाज हा पुरावा उरलेला नाही.

याला सॉफ्टवेअर नाही. मालकाने सगळ्यांना एकत्र बोलावून एवढंच सांगायचं : "माझ्या नावाने कितीही घाईचा मेसेज आला तरी माझ्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन करा. मी मीटिंगमध्ये असलो, झोपलेलो असलो तरी चालेल. मी चिडणार नाही." आणि खरोखर फोन आल्यावर चिडायचं नाही. एकदा चिडलात की नियम संपला. मी हे वाक्य मालकांकडून सगळ्यांसमोर म्हणवून घेते. महागड्या फायरवॉलपेक्षा त्याने जास्त पैसे वाचलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या नावाने दुसऱ्यांना खोटे मेल जाऊ नयेत म्हणून तुमच्या डोमेनवर (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं कंपनीचं नाव) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी असाव्या लागतात. डोमेन सांभाळणाऱ्याला सांगा, नोंदी करायला खर्च नाही. डीमार्क आधी नुसत्या निरीक्षणावर ठेवायचा. त्याचे रिपोर्ट बघून आपले सगळे खरे मेल त्यातून पास होतात ना याची खात्री करायची आणि मगच 'रिजेक्ट'वर, म्हणजे नापास झालेला मेल परतवण्यावर, न्यायचा. एकदम रिजेक्टवर टाकलात तर तुमच्याच टॅलीतून किंवा ईआरपीतून जाणारी बिलं अडकतील. बँकेच्या वेबसाइटबाबत एक चांगला बदल झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार भारतातल्या बँकांचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन' असे संपतात. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर बँकेचा बुकमार्क तपासून तोच वापरायला लावा. गुगलवर बँकेचं नाव टाकून पहिल्या लिंकवर जायची सवय मोडा.

दारं किती आणि किल्ल्या कुणाकडे

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. लॉगिनचंही तसंच हवं. पासवर्ड ही एक किल्ली, आणि दुसरी तुमच्या हातातल्या फोनमध्ये. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनची इंधनवाहिनी बंद पडली. हल्लेखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) खात्यातून, ज्याला नुसता पासवर्ड होता. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. खंडणीचा काही भाग तिथल्या तपास यंत्रणेने नंतर परत मिळवला, पण पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा लागायच्या त्या लागल्याच.

दुसरी किल्ली सगळीकडे एकदम लावायला जाऊ नका, ऑफिस बंड करतं. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बाहेरून आत यायची प्रत्येक वाट, म्हणजे व्हीपीएन, रिमोट डेस्कटॉप (दुरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय), क्लाउडवरची टॅली. मग सर्व्हर आणि डोमेनचे अॅडमिन. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर अॅप (फोनवरच दर थोड्या वेळाने नवा आकडा दाखवणारं) बरं, कारण सिम दुसऱ्याच्या नावाने काढून घेता येतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्येच साठवलेली किल्ली) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की त्याहून पक्की. खोट्या वेबसाइटवर ती चालतच नाही, त्यामुळे माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. अॅडमिन आणि अकाउंट्स, निदान एवढ्यांना ती घेऊन द्या.

फोनवर 'तुम्ही लॉगिन करताय का?' असं विचारणारी सूचना सारखी सारखी यायला लागली तर समजा की पासवर्ड गेलेला आहे आणि कुणीतरी वैतागून 'हो' दाबण्याची वाट बघतंय. 'नाही' दाबायचं आणि लगेच मला किंवा जो कोणी तुमचं काम बघतो त्याला फोन.

पुण्यातल्या कारखान्यांत मला सगळ्यात जास्त सापडणारं भोक मालकाच्या सोयीसाठी पाडलेलं असतं. त्यांना घरून टॅली बघायची होती, म्हणून कुणीतरी राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवला. असा उघडा सर्व्हर हल्लेखोरांच्या प्रोग्रॅमना लवकरच सापडतो आणि पासवर्डचा मारा सुरू होतो. लॉग उघडून बघा, चुकलेल्या लॉगिनच्या नोंदींनी पानंच्या पानं भरलेली दिसतील. पोर्ट बंद करा. घरून बघायचं असेल तर दुसऱ्या किल्लीसह व्हीपीएन. तसंच दुरून कॉम्प्युटर चालवायचं एनीडेस्क हे सॉफ्टवेअर : सपोर्टवाल्या मुलाने एकदा कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला असतो, मुलगा नोकरी सोडून जातो, पासवर्ड राहतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी ही गत.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा एचआरकडून कामावर असलेल्यांची यादी घ्या आणि ईमेल, टॅली, व्हीपीएन यांच्या खात्यांशी एकेक ओळ ताडून बघा. सोडून गेलेल्यांची खाती बंद. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा आणि राउटरचा कारखान्याहून आलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं. रोजचं काम करणाऱ्या कुणालाच स्वतःच्या कॉम्प्युटरवर अॅडमिनचे अधिकार नकोत, मालकांनाही नकोत.

अपडेट, आणि जिथे अपडेट करताच येत नाही ते

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम (अशांना रॅन्समवेअर म्हणतात) जगभर पसरला, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या हा तसाच दिसणारा व्हायरस आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं मर्स्क गटाचं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये घातलेल्या विषाने रायगड जिल्ह्यातल्या बंदरावर कंटेनर अडकून पडले.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही ते बदलायचा आराखडा करा, सगळे एकदम जमत नसतील तर अकाउंट्सचा पहिला. सध्या हल्लेखोरांचं लक्ष फायरवॉल आणि व्हीपीएनच्या यंत्रांकडे फार आहे, कारण ती इंटरनेटला तोंड करून उभी असतात आणि एकदा बसवली की कुणी त्यांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, बघत नाही. ती ज्याने बसवली त्याच्याकडून दर महिन्याला फर्मवेअर तपासल्याचं लेखी घ्या.

भोसरी-चाकणचा खरा प्रश्न वेगळा आहे : सीएनसी, व्हीएमसी, सीएमएम, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची आणि मोजायची मशीनं. मशीन दणकट आहे, अजून दहा वर्षं चालेल, पण त्याच्या कंट्रोलरमागे विंडोज एक्सपी नाहीतर ७ आहे आणि मशीनवाली कंपनी अपडेटला हात लावू देत नाही. अशा मशीनला अपडेट करायला जाऊ नका, त्याला वेगळं बसवा. शॉप फ्लोअरचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा. साधा मॅनेज्ड स्विच आणि फायरवॉल असेल तर व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर एकमेकांपासून वेगळे केलेले नेटवर्कचे भाग, करून हे होतं. मशीनना इंटरनेट अजिबात नको. प्रोग्रॅम पाठवायला मधला एकच कॉम्प्युटर ठेवा आणि फक्त त्यालाच मशीनपर्यंत जायची परवानगी द्या. पेन ड्राइव्ह लागत असेल तर शॉप फ्लोअरचे वेगळ्या रंगाचे ठेवा, ते घरी न्यायचे नाहीत आणि आत जाण्याआधी त्या मधल्या कॉम्प्युटरवर स्कॅन करायचे. मशीन दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरचा लॅपटॉप सरळ नेटवर्कला जोडू देऊ नका, इथे लोक फार भिडेला पडतात.

आणि क्रॅक केलेलं कॅड-कॅम सॉफ्टवेअर. मला माहीत आहे की लायसन्सची किंमत एका मशीनच्या हप्त्याएवढी असते आणि शेजारच्या गाळ्यातही तेच चालतं. पण क्रॅक चालवताना पहिली सूचना असते की अँटिव्हायरस बंद करा, आणि तुम्ही तो बंद करता. त्यातून ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उचलणारे प्रोग्रॅम येतात, मग ते पासवर्ड बाजारात विकले जातात आणि महिन्याभराने कुणीतरी तुमच्या ईमेलमध्ये बसलेलं असतं. जुनी आवृत्ती, भाड्याचं लायसन्स, मोफत पर्याय, काहीही करा पण क्रॅक काढा.

बॅकअप : उतरवून बघितला तरच

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचं नोंदणीचं काम बरेच दिवस कागदावर चाललं. फायली कुलूपबंद झाल्यावर तुमच्याकडे दोनच वाटा उरतात, बॅकअप किंवा खंडणी. आणि खंडणी दिली तरी फायली नीट परत मिळतातच असं नाही.

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. यात मी एक भर घालते : निदान एक प्रत कायम वायर काढलेली. सर्व्हरला सतत जोडलेली हार्ड डिस्क ही बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर तीही त्याच रात्री कुलूपबंद करतं. नेटवर्कवरची बॅकअपची पेटी सर्व्हरच्याच अॅडमिन पासवर्डने उघडत असेल तर तीही गेली. लहान ऑफिसला पुरणारी पद्धत सांगते. दोन यूएसबी हार्ड डिस्क घ्या, एकीवर निळी चिकटपट्टी, एकीवर पिवळी. एका आठवड्यात निळी, पुढच्यात पिवळी. बॅकअप झाला की काढायची आणि मालकाच्या घरी कपाटात. दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या, नाहीतर रिक्षात विसरली तर सगळ्या गिऱ्हाइकांचा डेटा रस्त्यावर. शिवाय रोजचा बॅकअप क्लाउडवर, असा की ठरावीक दिवस अॅडमिनलासुद्धा तो पुसता येणार नाही. अशी सोय आता बऱ्याच क्लाउड बॅकअपमध्ये असते, सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते.

आता महत्त्वाचं. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून बघायचा. टॅलीचा डेटा उतरवा, टॅली उघडा, आणि अकाउंटंटने आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलेली बँकेची शिल्लक आणि शेवटच्या व्हाउचरचा नंबर जुळतो का बघा. एका ठिकाणी बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज हिरवी खूण दाखवत होतं. उतरवून बघितलं तर सगळी व्हाउचरं मागच्या दिवाळीपाशी थांबलेली. कुणीतरी जागा कमी पडली म्हणून टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअप अजून सी ड्राइव्हवरच्या जुन्या फोल्डरचाच चालला होता. हिरवी खूण खोटी नव्हती, त्या फोल्डरचा बॅकअप अगदी व्यवस्थित होत होता. उतरवताना घड्याळही लावा. सर्व्हर नव्याने उभा करून काम सुरू व्हायला किती तास लागतात हा आकडा मालकाला आधीच माहीत असायला हवा.

हल्ली फायली कुलूपबंद करण्याआधी त्यांची प्रत चोरून नेतात आणि 'पैसे द्या नाहीतर जगजाहीर करू' असं धमकावतात. तिथे बॅकअप कामाला येत नाही. तिथे उपयोगी पडतं ते म्हणजे नको असलेलं मुळात न साठवणं. कामगारांच्या आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, दहा वर्षांपूर्वीच्या पेशंटचे रिपोर्ट 'डाउनलोड्स'मध्ये पडलेले असतात. कायद्याने किंवा कामासाठी लागत नाही ते पुसा, लागतं ते एका जागी कुलपात ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी काळजी न घेतल्याने डेटा गेला तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दंडाचा आकडा सांगावा लागला नाही. एखाद्या पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट बाहेर गेला तर काय, एवढंच मी विचारलं, आणि त्यांनी त्याच आठवड्यात जुने फोल्डर साफ करायला घेतले.

माणसं

वर्षातून एकदा दोन तासांचं प्रेझेंटेशन ठेवून काही होत नाही. सोमवारी चहाच्या वेळी दहा मिनिटं एकच युक्ती दाखवा, खरी, स्क्रीनवर.

सध्या मी दोन दाखवते. पहिली : वेबसाइटवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट येते आणि विंडोजचं बटण व 'आर' दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, असं सांगते. हे केलं की तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचा आदेश चालवता, आणि तो तुम्हीच दिलेला असल्यामुळे अँटिव्हायरस कधी कधी गप्प बसतो. कुठलीही खरी वेबसाइट असं करायला सांगत नाही. दुसरी : व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून आलेली फाइल, जिच्या नावाचा शेवट 'एपीके' असा असतो. पत्रिका पीडीएफ असते नाहीतर फोटो असतो. एपीके म्हणजे अॅप, आणि ते बसवलं की फोनचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, चोराकडे जातात. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडायची नाही, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो.

कुणी चुकून क्लिक केलं आणि लगेच येऊन सांगितलं तर सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करा. ज्या ऑफिसात बोलणी बसतात तिथे लोक लपवतात, आणि लपवलेल्या तासाभरातच सगळा घोळ होतो.

ज्यांच्यावर विसंबता ते

३१ जुलै २०२४ ला लहान बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेला रॅन्समवेअरचा फटका बसल्यावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला देशाच्या पेमेंट जाळ्यातून तात्पुरतं तोडलं, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. या बँकांच्या स्वतःच्या घरात काही बिघडलेलं नव्हतं. माझी पतसंस्था त्यानंतर आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला करार नव्याने करताना तीन गोष्टी लेखी विचारायला लागली : आमच्या सर्व्हरवर तुमचे कोण कोण, कुठल्या खात्याने येतात? त्यांना दुसरी किल्ली आहे का? तुमच्याकडे काही घडलं तर आम्हाला किती तासांत कळवाल? जो उत्तरं द्यायला कुरकुर करतो त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा.

घडलंच तर

हल्ले सुट्टी बघून होतात. कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा हल्ला आठवा. ११ ऑगस्टला, शनिवारी, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. चोरांनी मध्ये घातलेला खोटा सर्व्हर बँकेला न विचारताच 'मंजूर' म्हणत होता. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश जाळ्यावरून, हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या आसपास. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. तुमच्याकडे रात्रभर पहारा देणारी टीम नसेल, पण निदान अॅडमिनचं लॉगिन ऑफिसच्या वेळेबाहेर झालं किंवा ठरावीक रकमेवर पेमेंट गेलं तर दोघांच्या फोनवर सूचना यायला हवी, आणि दिवाळीच्या आठवड्यात ती कोण बघणार हे आधी ठरलेलं हवं.

पैसे गेल्याचं कळलं की त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), रक्कम, वेळ, समोरचं खातं हे हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवता आली तर मिळते, आणि ती शर्यत काही तासांची असते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पोलिसांकडे जाताना हद्द लक्षात ठेवा. पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं वेगळं, आणि भोसरी-चाकण पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. पण हद्दीचा शोध घेत १९३० चा फोन लांबवू नका, तो आधी.

रॅन्समवेअर दिसलं तर नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, कॉम्प्युटर मात्र शक्यतो बंद करू नका. मेमरीत तपासाला लागणारे धागे असतात. स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा. बॅकअपची डिस्क घाबरून लगेच जोडू नका, तीही जाईल. युरोपोल आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर काही प्रकारच्या रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात, तिथे तपासा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपनीने त्यांना कळवायचं असतं, आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणजे फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग कुठेतरी साठत आहेत ना, हे आजच बघायचं. अनेक ठिकाणी ते काही दिवसांतच आपोआप पुसले जातात आणि मग चोर कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

हे सगळे नंबर, बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा, फायरवॉलवाल्याचा आणि विम्याचा नंबर धरून, एका कागदावर छापा आणि अकाउंट्सच्या भिंतीवर लावा. कॉम्प्युटर बंद असताना कॉम्प्युटरमधली यादी उघडत नाही. कागदावर तारीख टाका आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक नंबर फिरवून बघा.

आणि हल्ला झाल्यावर पासवर्ड बदलताना एक क्रम पाळा. बाधित कॉम्प्युटरवरून एकही पासवर्ड बदलायचा नाही, नवा पासवर्डही तिथूनच जातो. स्वच्छ कॉम्प्युटर घ्या. पहिला ईमेलच्या अॅडमिनचा, मग डोमेनचा, मग बँकेचा, मग फायरवॉल आणि सर्व्हर, मग बाकी सगळ्यांचे. ज्या भोकातून चोर आला ते सापडून बुजेपर्यंत कुठलाही सर्व्हर पुन्हा इंटरनेटला जोडायचा नाही, डिस्पॅच कितीही अडला असला तरी. कंपन्यांचे फोन येत राहतील, मालक येरझाऱ्या घालतील, तेव्हा हा नियम मालकानेच आधी सही करून दिलेला असला पाहिजे.